सतरावी ओळ : परदेशी शिक्षणाच्या सल्लागारास खुले पत्र

सल्लागार साहेब,

पत्राच्या सुरुवातीला 'आदरणीय' लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. प्राधिकरण भागातल्या तुमच्या ऑफिसात शिरताना माझ्या बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. आत सगळे बूट घालून बसले होते. आमच्या घरानं तुमचा आदर तेव्हाच करून टाकला. आता तो शिल्लक नाही.

माझा चेहरा तुम्हाला आठवत नसेल, पण फोटो तुमच्याकडे आहे. व्हिसा आला त्या दिवशी हातात पासपोर्ट देऊन तुम्ही तो काढलात आणि दर्शनी काचेवर चिकटवलात. माझ्या फोटोखालून रोज नवी मुलं आत जातात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. खासगीत दोनदा कळवून झालं. पहिल्या मेसेजला तुम्ही अंगठा पाठवलात, दुसऱ्याला तेवढंही नाही.

तिसऱ्यांदा लिहायचं कारण आकुर्डीत घडलं. तुकोबांची पालखी विठ्ठल मंदिरात मुक्कामाला होती आणि आम्ही चिखलीहून दर्शनाला गेलो होतो. रांगेत आमच्या शेजारच्या इमारतीतली मुलगी भेटली. मेकॅनिकल झाली आहे, सप्टेंबरअखेर जर्मनीला निघणार आहे, तुमच्याच मार्फत. तिनं मोबाइल पुढे केला. "दादा, ही यादी पाठ केली की तिथं भागतं ना?" मथळा ओळखीचाच होता : 'जर्मनीत उपयोगी पडणारे 40 शब्द'. मी थेट सतराव्या ओळीवर गेलो. 'तूप – श्माल्त्स'. दोन वर्षं झाली, दोन मेसेज झाले, आणि ती ओळ जशीच्या तशी आहे.

या ओळीनं काय केलं ते आता सविस्तर ऐका.

माझे बाबा लातूरकडचे. भोसरी एमआयडीसीत लेथवर त्यांची सत्तावीस वर्षं गेली. माळकरी आहेत, घरात अंडंही येत नाही. बाराव्या वर्षी माझ्याही गळ्यात तुळशीची माळ घातली. मी जर्मनीला जायचं ठरवलं तेव्हा बाबांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता. फी, पगार, पीआर यांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "साहेब, पोराच्या जेवणाचं कसं?" तुम्ही म्हणालात, "काका, सगळं मिळतं. टेन्शन घेऊ नका."

आईनं बॅग भरली. काळं तिखट, येसर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो तूरडाळ. वर घरी कढवलेल्या तुपाची बरणी ठेवली होती. ती तुम्ही काढायला लावलीत. ते मात्र बरोबर होतं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. आई हिरमुसली, तेव्हा तुम्ही तिला म्हणालात की तिथं तूप कुठल्याही दुकानात मिळतं, यादीत शब्द दिलाय, तो दाखवायचा.

विद्यापीठाच्या गावी, केम्निट्झला, मी शनिवारी रात्री पोचलो. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, हेही यादीत नव्हतं. तो दिवस मेतकूट आणि सोबतच्या दशम्यांवर काढला. सोमवारी दुकानात गेलो आणि शेल्फवर तुमचा शब्द सापडला. पांढरट प्लास्टिकचा डबा, झाकणावर पावाच्या जाड कापाचं चित्र, आणि एका लांबलचक शब्दाच्या शेवटी 'श्माल्त्स'. सुरुवातीला 'ग्रीबेन' असं काहीतरी होतं, त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. डबा उघडला तर आत पांढरंशुभ्र, थिजलेलं, मध्ये तांबूस कणी. मला भरून आलं. आई लोणी कढवते तेव्हा तळाशी बेरी राहते, लहानपणी आम्ही भावंडं त्यावर साखर घालून भांडून खायचो. मला वाटलं, ही तीच. चव खारट होती, वासही वेगळा होता. परक्या देशातलं तूप असंच असेल, असं म्हणून मी ते रोज गरम वरणभातावर घातलं. रोज, नऊ दिवस. जेवणाआधी हात जोडून.

दहाव्या दिवशी माझ्या रूममेटनं तो डबा फ्रिजमधून बाहेर काढला. तो सीरियातल्या अलेप्पोचा. जर्मन भाषा तो आधी शिकला, मग विद्यापीठात आला. त्यानं माझ्या माळेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "तू हे खातोस?" मग डबा उलटा करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. 'श्वाइन'. डुक्कर. ती डुकराची चरबी होती आणि बेरी समजून मी जी कणी चावत होतो तो चरबी वितळवून उरलेला कुरकुरीत चोथा. 'श्माल्त्स' म्हणजे नुसती वितळवलेली चरबी, आणि हा शब्द एकटा आला तर तिकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा डुकराचीच येते. आपल्या तुपाच्या जवळचा पदार्थ त्याच शेल्फवर दोन हातांवर होता. त्याला 'बुटरश्माल्त्स' म्हणतात. बुटर म्हणजे लोणी. तीन अक्षरं तुम्ही गाळलीत.

डुकराचं मांस खाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. तिथल्या शेतकऱ्याचं ते पिढ्यान्‌पिढ्याचं अन्न आहे, आपल्याकडेही अनेक घरांत खातात, ज्याचं ताट त्याचं. पण माझ्या ताटात काय पडावं हे मी ठरवायचं असतं. ते तुम्ही ठरवलंत, तेही न वाचता, कुठून तरी उतरवून घेतलेल्या एका यादीनं.

त्या रात्री मी माळ काढून टेबलावर ठेवली. चार दिवस घरी फोन केला नाही. पाचव्या दिवशी बाबांचाच आला आणि मला लपवता आलं नाही. पलीकडे बराच वेळ फक्त कारखान्याच्या भोंग्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "जाणूनबुजून नाही ना खाल्लंस. माळ घाल." आणि थोड्या वेळानं, "आज काय जेवलास?" मी काहीच जेवलो नव्हतो. आईला आम्ही दोघांनीही अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तिच्यापर्यंत पोचणार याची मला कल्पना आहे आणि तरीही लिहितो आहे, यावरून मला काय वाटतं ते समजून घ्या.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाची चूक, माणसाकडून होते. होते, साहेब. ती मी केव्हाच सोडून दिली असती. पण हा शब्द चुकला, कारण तुमच्या धंद्यात भाषेला किंमतच नाही. मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं की निघण्याआधी जर्मनची एखादी परीक्षा देऊ का. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग चालतात, माझ्या हातात आठ महिने होते. तुमचे शब्द माझ्या वहीत लिहिलेले आहेत : "कोर्स पूर्ण इंग्लिशमध्ये आहे. जर्मनच्या नादात इनटेक घालवू नकोस." इनटेक गेला असता तर तुमचा शेवटचा हप्ता लांबला असता, हे मला खूप उशिरा कळलं.

कोर्स इंग्लिशमध्ये होता, यात खोटं काही नाही. दिवसातले चार तास. उरलेले वीस तास जर्मनमध्ये होते. घराचा करार, पत्त्याची नोंदणी, आरोग्य विम्याची पत्रं, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातला जाब. घरात टीव्ही असो वा नसो, घरामागे महिन्याला 18.36 युरो प्रसारण शुल्क भरावं लागतं. त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा जाहिरात समजून मी ते रद्दीत टाकलं. दुसरं आलं तेव्हा रूममेटनं वाचून दाखवलं. विद्यापीठाच्या मेन्झात म्हणजे खानावळीत एकदा मसुराची आमटी दिसली. घट्ट, तपकिरी, वर वाफ. ताट पुढे केलं, वाढणाऱ्या बाईंना "व्हेजिटेरियन?" म्हणून विचारलं. त्या भराभर काहीतरी बोलल्या. पाटीवर लिहिलेलंही असतं, पण ते वाचता यायला हवं. आमटीत 'स्पेक' होता, खारवलेल्या चरबीचे तुकडे. या वेळी मी ओळखलं आणि ताट तसंच परत ठेवलं. मागे रांग खोळंबली होती. भूक लागलेली असताना भरलं ताट परत ठेवणं काय असतं, हे तुमच्या चाळीस शब्दांत बसणार नाही.

मला सगळ्यांत जास्त चीड कशाची आली, सांगतो. केम्निट्झमध्ये संध्याकाळच्या वर्गाला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा कळलं की ही भाषा मराठी पोराला जड नाहीच. उत्तर भारतातली मुलं 'डेर, डी, डास' म्हणताना डोकं धरून बसायची, कारण हिंदीत लिंगं दोनच. आपल्याकडे तो, ती आणि ते तिन्ही आहेत. नपुंसकलिंग म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो, मग वीस. जर्मनही तसंच म्हणतात, 'आइन-उंड-झ्वान्झिश', एक आणि वीस. मोठ्या माणसाला तू म्हणायचं नाही हे घरातूनच आलेलं असतं, म्हणून 'डू' आणि 'झी' यांतला फरक मला पहिल्याच दिवशी समजला. आणि एक वाक्य तर मी वहीत चौकट करून ठेवलं आहे : 'वाइल इश म्यूडे बिन'. शब्दाला शब्द लावा. कारण, मी, दमलेला, आहे. क्रम तोच, क्रियापद शेवटी, जिथं मराठीत येतं तिथंच. इंग्रजीतून गेलात तर हे वाक्य उलटं वाटतं, मराठीतून गेलात तर सरळ. हे मला इथं, चिखलीत बसून, आठ महिने आधी कळलं असतं. आमच्या मराठी शाळेनं मला इतकी मोठी शिदोरी दिली होती आणि तुम्ही ती सोडायला लावलीत. तुपाच्या बरणीसारखी. बरणी निदान नियमानं काढली होती.

आपल्याकडची माणसं तिकडे शिकायला जात होती तेव्हा कन्सल्टंट नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांनी बॉन विद्यापीठात जायचं ठरवलं तेव्हा त्यासाठीचं पत्र त्यांनी जर्मन भाषेत लिहिलं होतं, आणि 1922 मध्ये तिथं नाव घातलं. इरावती कर्वे 1928 च्या सुमारास बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांच्याशी माझी तुलना नाही. एवढंच म्हणतो की ज्या देशात शिकायचं त्या देशाची भाषा आधी, ही समजूत शंभर वर्षांपूर्वी इथल्या माणसाला होती.

आता पैशाचं बोलू, कारण ती भाषा तुम्हाला येते. माझ्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच दाखवायच्या खात्यात, 11,208 युरो ठेवावे लागले, म्हणजे महिन्याला 934. बाबांच्या पीएफमधून आणि आईच्या पाटल्यांतून ते उभे राहिले. दुसऱ्या वर्षी झ्विकाउजवळच्या एका कंपनीत कामाची मुलाखत मिळाली. मोटारींचं जुनं गाव आहे ते, ऑडीचा जन्म तिथला. आउगुस्ट होर्खला आपलंच नाव नव्या कंपनीला लावता येईना, म्हणून त्यानं त्याचं लॅटिन केलं. होर्ख म्हणजे 'ऐक', ऑडी म्हणजेही 'ऐक'. मुलाखतीची पहिली पाच मिनिटं इंग्रजीत झाली. मग समोरच्या बाईंनी कारखान्यातल्या सुरक्षिततेबद्दल जर्मनमध्ये विचारलं आणि मी नुसता ऐकत राहिलो. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, मशीनवरची माणसं जर्मनच बोलतात, जर्मनची बी-1 पातळी करून या, जागा असेल तर घेऊ. बी-1 करण्यात माझं एक सत्र गेलं. सहा महिने, दरमहा 934 धरले तर 5,604 युरो. आपल्या पाच लाखांच्या आसपास. तुमची फी 90 हजार होती. मी तुमच्याकडे ती परत मागत नाही, पण हिशेब तुमच्या टेबलावर असावा.

आणि ती 90 हजारांची फी कशाची, हेही इथल्या पालकांना कळू द्या. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सत्राला 1,500 युरो पडतात. अर्ज अनेक विद्यापीठांसाठी 'युनि-असिस्ट'मार्फत जातो, पहिल्याला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30. नोव्हेंबर 2022 पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र लागतं, त्याला माझ्या वेळी 18 हजार रुपये पडले. हे सगळं विद्यार्थी स्वतः भरू शकतो. 'डाड' ही तिथली संस्था अभ्यासक्रमांची माहिती फुकट देते. पिंपरीपासून चाकणपर्यंत ज्या घरातला बाप मशीनवर उभा राहिला त्या घरात या गोष्टी सांगणारं कुणी नसतं, म्हणून ती घरं तुमच्याकडे येतात. मर्सिडीज 1995 पासून आधी पिंपरीत आणि 2009 नंतर चाकणला तयार होते, फोक्सवॅगनही 2009 मध्ये चाकणला आली. इथल्या पोरांनी जर्मन नावं पगारपत्रकावर आणि गेटवर वाचली आहेत. 'जर्मनी' म्हटलं की आमचे बाप लगेच विश्वास ठेवतात. तुम्ही त्या विश्वासावर धंदा करता, तर निदान डब्यावरचं लेबल वाचा.

यादी कशी असावी, तेही सांगतो, म्हणजे उद्या सबब नको. 'क्वार्क' लिहा. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का. दुसऱ्या वर्षी पाडव्याला मी तो फडक्यात टांगून श्रीखंड केलं, अलेप्पोच्या त्या मुलानं तीन वाट्या खाल्ल्या आणि त्याच्या आईला फोटो पाठवला. 'ग्रीस' लिहा, तो रवा, त्याचा शिरा उत्तम होतो. 'बुटरमिल्श' लिहा, त्याची कढी होते. 'लिन्झेन' म्हणजे मसूर, सुटे घ्या, शिजवलेले घेताना स्पेक आहे का ते विचारा. 'झेलाटिने' आणि 'श्वाइन' हे शब्द ठळक छापा, कारण ज्याला नको आहे त्याला ते दिसले पाहिजेत. 'ओने फ्लाइश', मांसाशिवाय, हे म्हणायला शिकवा. रविवारची दुकानं बंद, हे पहिल्याच ओळीत टाका. आणि सगळ्यांच्या वर लिहा की निघण्याआधी निदान ए-2 पर्यंत जर्मन शिकून या. एखादा इनटेक गेला तरी चालेल.

यातलं अर्धं तुमच्या ऑफिसातल्या कुणालाही सांगता आलं असतं. तुमच्या काचेवर जी मुलं लटकली आहेत त्यांच्यापैकी एकालाही तुम्ही परत फोन करून विचारलं नाहीत की बाबा रे, काय खातोस, कसं बोलतोस. मला तिथं सांभाळलं ते एका परक्या मुलानं, ज्याचं स्वतःचं घर पडलं होतं. त्यानं फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला होता, माझ्यासाठी. डाव्या बाजूला जर्मन शब्द आणि उजव्या बाजूला फक्त खूण, बरोबर किंवा फुली. त्यानं एक पैसा घेतला नाही.

मी आता बी-2 पर्यंत पोचलो आहे. प्रबंध दिला, ऑक्टोबरपासून त्याच झ्विकाउजवळच्या कंपनीत रुजू होतो आहे. तेव्हा माझा फोटो काचेवर राहू देऊ की नको, असं तुम्ही विचाराल. काढा. आजच काढा. मी तिथं पोचलो यात तुमचा वाटा नाही.

आमच्या शेजारची ती मुलगी माझ्याकडे रोज संध्याकाळी एक तास येते. आकडे पाठ झाले, आता डेर-डी-डास चालू आहे. तिच्या घरच्यांना 992 युरो महिना या दरानं 11,904 युरो भरावे लागले आहेत, त्यासाठी गावाकडचं एक एकर गहाण पडलं. तिच्या मोबाइलवरची यादी मी स्वतः दुरुस्त करून दिली. पण तुमच्याकडून या हंगामात निघणाऱ्या बाकीच्या मुलांचे नंबर माझ्याकडे नाहीत, ते तुमच्याकडे आहेत.

साहेब, तिचं विमान 28 सप्टेंबरला आहे. त्याआधी सतरावी ओळ दुरुस्त करून सगळ्यांना पुन्हा पाठवा. तूप म्हणजे बुटरश्माल्त्स.

चिखलीहून,
तुमचा 2023 चा विद्यार्थी